टाच

भवानी पेठेतल्या हातमागाच्या कारखान्यात माझ्या शेजारी एक विणकर बसायचा. माझ्याच वयाचा, पंचविशीतला, तेलुगू घरातला. एका उन्हाळ्यात त्याची चाल बदलली. मान ताठ, छाती पुढे, पाऊल सावकाश, आणि उजवी टाच जणू जमिनीला लावायचीच नाही.

"आले बघा जहागीरदार! पायघड्या घाला की!" मी ओरडायचो आणि त्याच्या मागून तसाच चालून दाखवायचो. लोक माग थांबवून हसायचे. नक्कल मला चांगली जमायची, त्याचा मला अभिमानही होता.

एकदा तो वळला. "झालं व्हय तुझं?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो आमच्यासारखा भराभर, टाच टेकवून चालू लागला. "उतरली मस्ती," मी म्हणालो. पंधरवड्यात त्याने अंथरूण धरलं, आणि गेला. मग कळलं, मागाच्या, पायाने दाबायच्या पावडीच्या लाकडाची कपची त्याच्या टाचेत मोडून राहिली होती. पाय चिघळला होता, पण सांगितलं तर माग दुसऱ्याला देतील म्हणून तो गप्प बसला. मी ज्याला तोरा समजलो, ती कळ होती.

महिन्याने मी त्याच्या आईकडे निघालो, पाया पडून सगळं कबूल करायला. दिवेलागणीची वेळ. म्हातारीला मोतीबिंदू झालेला; मुलगा गेल्याचं सांगितलं तरी ती विसरायची. मी अजून गल्लीतच होतो, तोच पावलांची चाहूल ऐकून उंबऱ्यातून तिने तेलुगूत हाक दिली, "वच्चावा?" आलास?

मी खाली पाहिलं. माझी उजवी टाच उचललेली होती. केव्हापासून, कोण जाणे. टेकवायला गेलो तर टेकेना.

"आज फार दुखतोय ना पाय? ये," ती तिच्या भाषेत म्हणाली. मिठाच्या कोमट पाण्याचं घमेलं तयारच होतं. रोज संध्याकाळी ती ते भरून ठेवत असावी. तिने माझा पाय ओढून घेतला. तिची बोटं टाचेवर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. जखम शोधत होती.

"बरी झाली की रे!" ती हसली. पदराने पाय पुसत म्हणाली, "आता नीट चालत जा. लोक हसतात म्हणत होतास ना?"

मी बोलायला तोंड उघडलं.

"सरे, अम्मा," मी म्हणालो. बरं, आई.

कबूल करायला गेलो होतो, ते राहूनच गेलं.