स्टेडियमच्या पाटीवर नसलेलं नाव

मुंजाजी गेला. यातही माझ्या आधी नंबर लावला त्यानं.

काल त्याला नेलं तेव्हा स्टेशन रोड भरून गेला होता. पिंगळीहून माणसं, चुडाव्याहून माणसं. त्यानं फुटबॉल शिकवलेली, आता पोटं सुटलेली पोरं ढसाढसा रडत होती.

मनात आलं, आपल्या वेळी एवढी येणार नाहीत.

पंच्याहत्तरीतल्या माणसाला हे शोभत नाही, ठाऊक आहे. पण सवय जुनी आहे. सातवीपासूनची.

आम्ही एका वर्गात. कविता पाठांतरात पहिला नंबर माझा. चाल लावून, डोळे मिटून म्हणायचो.
डोळे उघडले की अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत असायचा.
कविता पाठ नाही म्हणून वर्गाबाहेर काढलेला मुंजाजी तिथं डाव्या पायावर लिंबू उडवत असायचा.

ग्रुपवरच्या नवीन मित्रांसाठी सांगतो. आपल्या गावात रेल्वे लाइनीच्या पलीकडं निजामाच्या वेळचं मैदान होतं. एका बाजूला सात दगडी पायऱ्या. तेवढ्यावर आम्ही त्याला स्टेडियम म्हणायचो.
मी राईट आऊट, तो सेंटर फॉरवर्ड. पास माझा, गोल त्याचा. शिट्ट्याही त्यालाच.

अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं. मुंजाजीच्या वस्तीतली घरं जळाली. माणसं लेकराबाळांसकट त्या पायऱ्यांवर येऊन राहिली.
मी दोनदा भाकरी घेऊन गेलो.
तिसऱ्यांदा गेलो नाही. आळीत लोक बघायला लागले होते.

आमच्या अकरातले पाच जण त्या वस्तीतले. त्यानंतर खेळायला कोण कुणाला बोलावणार?
मैदानावर वेडी बाभूळ माजली. गोलपोस्टचे पाइप कुणाच्या तरी गोठ्याला लागले.

मी तोवर मराठीचा मास्तर झालो होतो. मैदान पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहायचो. काय भाषा असायची! एका अर्जात तर मी मैदानालाच बोलायला लावलं होतं, चार कडव्यांत.
एकाचंही उत्तर आलं नाही.

मुंजाजी रेल्वेत गँगमन. त्यानं एक ओळ लिहिली नाही. एका सकाळी कुऱ्हाड आणि टिकाव घेऊन ड्यूटीच्या आधी गेला, एक बाभूळ तोडली, मूळ उपटलं. दुसऱ्या दिवशी दुसरी.

"आरं, जिंदगी जाईल तुझी," मी म्हणालो.

"जाऊ द्या की गुरुजी. मूळ ठिवलं की परत फुटतीया, वरवर छाटून काय कामाचं?"

मी मास्तर झाल्यापासून तो मला मुद्दाम गुरुजी म्हणायचा. अहो-जाहो करायचा. त्यात चिमटा असायचा.

पहिली दोन वर्षं एकटा. मग वस्तीतली पोरं आली. मग आमच्या आळीतलीही. मग गावानं कमिटी केली, सरकारातून थोडा निधी आला, पायऱ्या दुरुस्त झाल्या, कंपाउंड झालं.

चुन्याच्या फक्कीनं रेषा मारायच्या दिवशी तो पालथा पडला आणि गाल जमिनीला टेकवून एक डोळा मिटला. रूळ सरळ आहे का, हे गँगमन असंच बघतात.
"डावीकडं बोटभर सरकवा," म्हणाला.
दोरी सरकवली. सुतात आली.
कविता वाचावी तशी तो जमीन वाचत होता, आणि मी दोरी धरून उभा.
इतका जळलो त्या दिवशी!

उद्घाटन ठरलं. नामविस्तार झाला तोच हिवाळा. संगमरवरी पाटीचा मजकूर माझ्याकडं आला.

कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, मुंजाजीचं नाव टाकावं लागतंय."

"एकाचं टाकलं की धा जण रुसतील, आबा."

मी लिहिलं: जनतेच्या श्रमदानातून हे क्रीडांगण पुनश्च उभे राहिले.

पाटीवरचा पडदा सरकला. मुंजाजीनं ती दोनदा वाचली आणि मॅच न बघता निघून गेला.

आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत तो वर्गाच्या दारात आला.

"एकच इचारायला आलोय गुरुजी. वस्तीतली पोरं पाटी फोडायची म्हनायलेत. नाव जातीमुळं गाळलं का?"

"नाही."

"मंग?"

खोटं सुचेना. म्हणालो, "जळतो मी तुझ्यावर."

"कवापासून?"

"सातवीपासून."

आणि मुंजाजी हसायला लागला. बाकावर बसला, डोळे पुसले.

"आरं येड्या, मंग हे आदी सांगायचं न्हाई का! आठ दिस झोप न्हाई मला. जळ लेका, जळ! लय बरं वाटलं."

कित्येक वर्षांनी त्यानं मला 'अरे' म्हटलं होतं.

"पाटी बदलू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. बदलली की तुझं जळणं थांबंल."

पोरांना त्यानं जाऊन सांगितलं, मास्तर जळकुटा हाय, दुसरं काही न्हाई. पाटी बचावली. मी पण.

त्या दिवशी घरी येऊन जेवायला बसलो आणि स्वतःलाच विचारलं.
हेच काम आमच्या आळीतल्या कुणी केलं असतं आणि मी त्याच्यावर इतकाच जळत असतो, तर त्याचं नाव गाळायची हिंमत झाली असती का मला?
नसती झाली.
मुंजाजीचं गाळलं तर फार कुणी विचारणार नाही, हे मला आतून ठाऊक होतं.

म्हणजे त्यानं विचारलं ते खोटं नव्हतं. आणि मी जे दिलं ते अर्धंच उत्तर होतं.

उरलेलं अर्धं सांगायला पुढं उभं आयुष्य होतं. रोज संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर आम्ही शेजारी बसायचो. तो इतका खुशीत होता की माझ्यानं बोलवलं नाही. खरं म्हणजे, तो उठून जाईल याची भीती होती.

आता सगळ्यांसमोर सांगतो. तुमच्यातले त्याचे नातू, त्याची पोरं हे वाचतील. काय म्हणायचं ते म्हणा मला.

आणि जो मजकूर तेव्हा लिहायला हवा होता, तो हा:

हे मैदान मुंजाजीने उभे केले. आधी एकट्याने. मग बाकीचे आले.

मुंजा, माफ कर. सुखानं जा, गड्या.