सरांचं मौन

आमच्या सरांच्या पोटात एखादी गोष्ट रात्रभर टिकली, असं परळच्या इतिहासात घडलेलं नाही. सर तान्ह्या बाळांचे नामांकित डॉक्टर, विद्यापीठातले मोठे संशोधक. पण प्रयोगशाळेत काही सापडलं की ते आधी लिफ्टमनला कळायचं, मग जगाला. शिवाजी पार्कात एका निवृत्त बँक मॅनेजरांना त्यांनी हृदयाची झडप त्यांच्याच छत्रीची उघडझाप करून समजावली. तेव्हापासून ते गृहस्थ भर पावसातही छत्रीशिवाय येतात. प्रभादेवीचा न्हावी तर सरांची अर्धी दाढी तशीच ठेवून, वस्तरा हवेत धरून "डॉक्टर, पुढे?" म्हणत उभा राहायचा. "सांगितल्यानं ज्ञान वाढतं रे," हे सरांचं ठरलेलं वाक्य, आणि ते खोटं नाही. तालुक्याच्या शाळेत शिकून, घरातला पहिला पदवीधर होऊन मी इथे आलो, तेव्हा यकृत काय काम करतं इथपासून सरांनीच मला शिकवलं. तेही कॅन्टीनच्या रांगेत, ताटातल्या उसळीच्या आधाराने.

माझी नोकरी मात्र नेमकी उलटी. विद्यापीठातले शोध परवाना देऊन देशी-परदेशी कंपन्यांकडे सोपवायचे, हे आमच्या विभागाचं काम. सरांनी रक्त न काढता बाळाची कावीळ ओळखणारी पट्टी शोधली आणि एका जर्मन कंपनीने ती बनवायची तयारी दाखवली. अट एकच: पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत गुपित बाहेर फुटायला नको. फुटलं तर परदेशातला हक्क गेला, कंपनी गेली, आणि पट्टी आमच्या कपाटातच म्हातारी होणार. सरांनी तोंडावर बोट ठेवलं. दुसऱ्याच दिवशी कळलं, की डिलाईल रोडच्या गणेश मंडळात त्यांचं व्याख्यान आहे आणि फलकावर विषय लिहिलाय, 'बाळाची कावीळ आणि जादूची पट्टी'.

"सर, रद्द करा."

"मंडळाला शब्द दिलाय रे. माणसं जेवण टाकून येतात."

मी पहिल्या रांगेत बसलो, गणपतीकडे कमी आणि सरांच्या तोंडाकडे जास्त बघत. सर बाळाच्या अंघोळीवर बोलले, तेल लावण्यावर बोलले, काजळावर तर इतके बोलले की उंदरालाही डुलकी लागली असेल. तेवढ्यात मागून एक आजी ओरडल्या, "ओ डॉक्टर, त्या पट्टीचा काय झाला?"

सरांचे ओठ हलले. मी खुर्चीवरून अर्धा उठलो.

"आजी, बाळ अजून बाळंतिणीच्या खोलीत आहे," सर म्हणाले. "बारशाआधी चारचौघांत आणलं तर दृष्ट लागते. मी काय सांगू तुम्हाला?"

"मगे ऱ्हवांदे," आजी म्हणाल्या. "आधी बारसा होवंदे." सगळ्या मंडपाने मान डोलावली. हाच नियम आम्हाला प्रशिक्षणात अख्खा आठवडा समजावला होता.

अर्ज दाखल झाला त्या दुपारी मी धावतच सरांच्या खोलीत शिरलो. "सर, आता कोणालाही सांगा!" मला वाटलं, ते उठून पळतच सुटतील. पण इतके दिवस माणसं टाळून टाळून ते दमलेले दिसले. "बस जरा," म्हणाले, आणि मलाच सांगू लागले. अर्ज मीच लिहिला होता. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ. तरी मी दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "सर, अगदी सुरुवातीपासून."

सुरुवात प्रयोगशाळेत नव्हती. ती होती सरांच्या उमेदवारीच्या काळातल्या एका बाळापाशी, ज्याची कावीळ कळेपर्यंत उशीर झाला होता. हे अर्जात कुठेच नव्हतं. सर ते अगदी हळू आवाजात बोलले.