आधी इथल्यांना विचारा

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मावशींना सव्वीस वर्षं झाली होती. शहरातले निम्मे म्हातारे त्यांच्या कृपेने सफरचंद खात होते. रस्त्यात कोणी हसलं, की मावशी आधी दात बघत, मग माणूस ओळखत.

मुख्य कारागिराची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आपल्यालाच मिळणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. कायदाही तसाच होता. चौदा दिवस कामाच्या जागी जाहिरात लावायची, आधी देशातल्या माणसांना विचारायचं, लायक कोणी मिळालंच नाही तर परदेशी कारागीर नेमायचा. मालकांनी जाहिरात लावली होती. प्लास्टरच्या कोठीत, दारामागच्या भिंतीवर. आणि ते दार कायम सताड उघडं!

तेराव्या दिवशी मावशी गोणी ओढायला आत गेल्या, वाटेतलं दार लोटलं आणि थबकल्या. अमुक यंत्राचा पाच वर्षांचा अनुभव, तमुक परदेशी संस्थेची पदविका, शिवाय समुद्रापलीकडची एक भाषा. नुसता बुटाचा नंबर लिहायचा राहिला होता.

या सगळ्या अटी अंगावर घेऊन पाहुणा शेजारच्याच बाकावर काम करत होता. परदेशातून येऊन त्याला दोन वर्षं झाली होती, तरी नाव पाहुणाच. दाताचा रंग उजेडात कसा जुळवायचा, ते त्याला मावशींनीच शिकवलं होतं.

मावशींनी त्याला हाक मारून कोठीत आणलं. "काय रे, ही जाहिरात आहे की तुझा फोटो?"

पाहुण्याने वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. "शप्पथ मावशी, मला कोणी विचारलंही नाही."

"पगार तरी वाढणार?"

"छे! आणि नाही म्हटलं तर कामाचा परवाना जातो. मालक सुटले की देश सुटला."

"म्हणजे निम्म्या पगाराचा मुख्य कारागीर, वर दावणीला बांधलेला. मालक दिसतात तेवढे साधे नाहीत हं!"

घरी यजमान म्हणाले, "अगं, या वयात कशाला भांडणं? गप्प बसावं."

"तुम्ही बसा. दात तुमचे पडलेत, माझे नाहीत."

चौदाव्या दिवशी सकाळी मावशींनी अर्ज मालकांच्या टेबलावर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. मालक मधाळ हसले.

"मावशी, तुम्ही घरच्याच. पण अटीत बसत नाही हो."

"ते वरचे चार दात कोणी केले?"

मालकांनी ओठ मिटले.

"माझ्याच दातांनी मला नाही म्हणता?"

"तसं नाही, पण कायद्याने विचारायचं असतं, ते विचारलंय ना..."

"दाराला विचारलंत. मला नाही. ठीक आहे, मी लायक का नाही, ते कागदावर लिहून द्या. कायद्यात तेही आहे. कामगार कचेरी दुपारी चारपर्यंत उघडी असते."

मालकांनी कागद घेतला. 'अर्जदारास पुरेसा अनुभव' इथपर्यंत लिहिलं आणि पेन अडलं. कागद चुरगळला, दुसरा घेतला. मावशी जागच्या हलल्याही नाहीत. तिसऱ्या कागदावर मालक म्हणाले, "बरं बाई, तुम्ही व्हा मुख्य. पाहुण्याला परत पाठवतो."

"का? त्याने काय घोडं मारलंय? माझ्या हाताखाली कारागीर लागतीलच. त्याचा परवाना कारागीर म्हणून वाढवा, आणि पगार इथल्या कारागिराइतकाच द्या. मग बघू तुम्हाला दुसऱ्यांदा परदेशातून माणूस आणायची हौस येते का!"

मालकांनी नेमणुकीचं पत्र लिहिलं, घाम पुसला आणि पुढे सरकवलं. मावशींनी ते चष्मा लावून, प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत वाचलं. बोट एका जागी थांबलं: 'सहा महिन्यांसाठी तात्पुरती'. त्यांनी मालकांच्याच हातातलं पेन काढून घेतलं, ते तिन्ही शब्द खोडले आणि पत्र परत सरकवलं.

"इथे बाजूला सही करा. खाडाखोड आपल्या संमतीने झाली म्हणून."