सुजाता चायनीजमधला वास

मी जर्मनीला निघाले त्या दिवशीही आईनं दुकान बंद ठेवलं नव्हतं. टॅक्सी भूगावच्या आमच्या गल्लीत इंडिकेटर लावून उभी होती आणि आई आत भट्टीवर दोन हाफ राइस हलवत होती. समोरच्या सोसायटीतून फोन आला होता, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं तिला जमायचं नाही. आप्पा तासाभराची सुट्टी मागून वॉचमनच्या गणवेशातच आले होते. विमानात दोरी लागत नाही हे मी तीनदा सांगूनही त्यांनी माझ्या दोन्ही बॅगा दोरीनं करकचून बांधल्या. पार्सल गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर आई बाहेर आली. रडली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "तितं गेल्यावर बी दुकानाचं काय काय लिवत्यात ते वाचून सांगत जा मला."

दुकानाचं नाव 'सुजाता चायनीज'. सुजाता म्हणजे मी. त्यामुळे लोक फोनवर आमच्या दुकानाला तारे देत तेव्हा ते मलाच मिळाल्यासारखं वाटायचं. 'सुजाता स्वस्त आणि मस्त.' 'सुजाताकडे क्वांटिटी भरपूर.' 'मावशींच्या हाताला चव आहे.' हे शेवटचं वाक्य आई माझ्याकडून पुन्हा वाचून घ्यायची. ती फक्त ऐकायची आणि कोबी चिरत राहायची.

तिला ते वाक्य पुन्हा का ऐकावंसं वाटायचं, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण जे दूरचे आहेत त्यांच्यासाठी लिहिते. आमचं गाव रिह्याच्या खोऱ्यात. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. भातलावणीला आईचे हात सगळ्यांना हवे असत, पण त्याच हातांचा चहा कुणी घेत नसे. लग्नकार्यात तिला भांडी घासायला बोलावत, चुलीकडे नाही. शाळेतली एक मैत्रीण एकदा आमच्याकडे खेळायला आली होती. तिच्या आईनं तिला दंडाला धरून नेताना म्हटलेलं मी ऐकलं होतं : "त्यांच्यात जाऊ नको, वास येतो." मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. घरी येऊन मी माझ्या फ्रॉकचा वास घेतला होता.

आप्पांना भूगावला वॉचमनची नोकरी लागली आणि आम्ही तिघं खोरं सोडून आलो. शेजारच्या गाळ्यात दार्जिलिंगचा एक माणूस चायनीज करायचा. आईनं त्याच्याकडे आधी कांदे सोलले, मग भाज्या चिरल्या, मग एक दिवस तो आजारी असताना कढई हातात घेतली. तो गावी परत गेला तेव्हा गाळा आईनं घेतला. भूगावात सगळेच कुठून ना कुठून आलेले. आडनाव कुणी विचारत नव्हतं. संध्याकाळी ऑफिसच्या गाड्या थांबायच्या आणि लोक माझ्या आईच्या हातचं खायला रांग लावायचे. आप्पा ड्यूटीवरून आल्यावर बाकड्यावर बसून नुसते त्या रांगेकडे बघत राहायचे.

मी नर्सिंग केलं, दोन वर्षं जर्मन भाषा घोकली आणि इथे आले. शहर लहान आहे. मी एका आल्टेनहाईममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम करते. सकाळची ड्यूटी, तिला इथे फ्रूडीन्स्ट म्हणतात, सहाला सुरू होते. दुपारच्या सुट्टीत मी ब्रेड खात दुकानाचं पान उघडायचे, नवीन काही लिहिलं असेल तर आईला फोन करून वाचून दाखवायचे, आणि दुकानाच्या नावानं उत्तरही मीच द्यायचे. 'धन्यवाद, पुन्हा या.' इतक्या लांबून मी तिच्यासाठी करू शकेन असं हे एकच काम उरलं होतं.

साथीच्या दुसऱ्या लाटेत आई आठ-दहा दिवस आजारी पडली. बरी झाली, दुकान पुन्हा सुरू झालं. पण मग लिहिणाऱ्यांचा सूर हळूहळू बदलला. 'पहिल्यासारखी चव राहिली नाही.' 'मंचुरियन फार आंबट होतं.' 'राइस करपला होता, तरी तसाच दिला.' 'कधी चांगलं, कधी अजिबात नाही, काय चाललंय मावशी?' यातलं मी आईला काहीच वाचून दाखवलं नाही. चांगलं तेवढं वाचायचे. चांगलं नसेल त्या दिवशी जुनंच पुन्हा वाचायचे. आणि तक्रारी करणाऱ्यांना फटकळ उत्तरं द्यायचे. एवढ्या पैशात कुठे मिळतं, असं कुणाला, तुमच्याच जिभेला काही झालं असेल, असं कुणाला.

आमच्या आश्रमात तेव्हा एक आजोबा नवीन आले होते. ते सूपमध्ये साखर घालायचे. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कागदावर नोंद केली की यांची चव आणि वास गेलेला दिसतो, डॉक्टरांना दाखवावं. माझं कौतुकही झालं. आईबद्दल मला ते सुचलं नाही.

मग तो आठवडा आला. मी राहते त्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी कागद चिकटवला : स्वयंपाकाचा वास जिन्यात येतो, कृपया दारं बंद ठेवावीत. नाव कुणाचंच नव्हतं, पण त्या जिन्यात फोडणी करणारी मी एकटीच. मी दोन दिवस उकडलेली अंडी खाल्ली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन उघडला तर दुकानाच्या पानावर अनघा नावाच्या कुणी लिहिलं होतं : 'दुकानात कुजल्यासारखा वास येतो. मालकीणबाईंना सांगितलं, त्यांनी लक्ष दिलं नाही.' आणि एक तारा.

मी लिहिलं : 'वास आमच्या दुकानात नाही, तुमच्या मनात आहे. आम्ही कुठून आलो हे बघून आम्हाला घाण म्हणणारे पुष्कळ पाहिलेत. आवडत नसेल तर येऊ नका.'

दुसऱ्या दिवशी तिचं लिखाण तिथून नाहीसं झालं होतं. मला जिंकल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी मी दार उघडं ठेवून लसणाची फोडणी दिली.

आठ-दहा दिवसांनी ड्यूटीवर असताना आप्पांचा फोन आला. आप्पा फोनवर कधीच जास्त बोलत नाहीत. म्हणाले, "आईला भाजलंय. गॅसचा भडका झाला. तू ये."

मी पोचले तेव्हा आई इस्पितळात होती. उजवा हात खांद्यापर्यंत, मान आणि गालाची उजवी बाजू. दुपारी शटर अर्धं ओढून ती संध्याकाळची तयारी करत होती. शेगडी पेटवायला लायटर ओढला आणि खोलीभर जाळ झाला. रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यानं तिला बाहेर ओढलं, म्हणून वाचली. मी रोज भाजलेल्या, सोललेल्या, सुकलेल्या कातडीवर मलम लावणारी बाई, पण तिच्या खाटेपाशी उभी राहून मला तिचा चार्ट वाचता येईना.

दुकान बघायला गॅसवाला आला तेव्हा मी तिथे होते. त्यानं काउंटरखालची नळी ओढून काढली. उंदरानं कुरतडलेली होती. "एकदम नाही होत हे ताई," तो म्हणाला. "बरेच दिवस थोडाथोडा सुटत असणार. वास आला असेल की. कुजक्या कोबीसारखा येतो बघा."

मी तिथेच, काळ्या पडलेल्या फरशीवर बसले. त्याला वाटलं मला चक्कर आली. त्यानं पाणी आणून दिलं.

आप्पांना मी विचारलं, तुम्हाला कधी आला नाही का? ते म्हणाले, मी येतो तेव्हा लसणाचा आणि मिरचीचाच धूर असतो, पंखा चालू असतो, त्यात काय कळणार. पण आई तर दिवसभर तिथेच असायची. तिचं उत्तर मला ती घरी आल्यावर मिळालं. दुकानामागच्या आमच्या खोलीत मी दूध तापायला ठेवून औषधं आणायला गेले. परत आले तर दूध उतू जाऊन करपलं होतं, वास पार गल्लीत आला होता. आई शेगडीपासून दोन हातांवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती.

मी गॅस बंद केला. "आई, वास नाही आला तुला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"कधीपासून येत नाही?"

"त्या आजारापासनं," ती म्हणाली. "पयल्यांदा वाटलं येईल माघारी. न्हाई आला. चव बी अर्धीच लागती. चमच्यानं मोजून घालते समदं."

"मला का नाही सांगितलंस? मी नर्स आहे गं."

"तुला सांगून? नोकरी टाकून आली असतीस. आन हितं कळलं असतं तर? वास न येनाऱ्या बाईच्या हातचं कोन खाईल?"

त्या दिवशी दुपारी मी सगळी मतं पहिल्यापासून पुन्हा वाचली. आंबट, करपलं, कधी खारट कधी आळणी. आई आजारातून उठल्यापासून अनोळखी माणसं दर आठवड्याला मला तिचं दुखणं सांगत होती. खाली प्रत्येकाला मी दिलेली उत्तरं होती.

अनघाला शोधायला मला फार फिरावं लागलं नाही. समोरच्याच सोसायटीत राहते, माझ्याच वयाची, एका कंपनीत कामाला. दार उघडल्यावर मी कोण ते सांगितलं. तिनं आत बोलावलं, पण आम्ही दोघीही उभ्याच राहिलो.

"मी मुलाच्या वाढदिवसाची ऑर्डर द्यायला दुपारी गेले होते," ती म्हणाली. "मला वाटलं कोबी कुजलाय. गॅस असेल असं डोक्यातच आलं नाही. तुमचं उत्तर वाचलं आणि मी घाबरले. मी असं कसं लिहिलं, लोक काय समजतील, म्हणून काढून टाकलं. मग मी त्या बाजूनं जाणंच बंद केलं." मग म्हणाली, "परत एकदा जाऊन सांगायला हवं होतं हो मी."

मी म्हटलं, "मी तुम्हाला परत जाऊ दिलं नाही."

तिनं ते नाकारलं नाही. मला त्याचं बरं वाटलं. माझी समजूत घातली असती तर मला तिथून निघता आलं नसतं.

आईला हे सांगायचं की नाही, यात माझे चार दिवस गेले. परत यायचं तिकीट काढलेलं होतं. न सांगता विमानात बसले तर पुढे कधीच सांगणार नाही हे मला माहीत होतं. शेवटी तिच्या हाताचं ड्रेसिंग बदलताना सांगितलं. अनघानं काय लिहिलं होतं ते, आणि मी काय उत्तर दिलं तेही, शब्द न शब्द. मान वर करून बघायची माझी हिंमत नव्हती.

ती म्हणाली, "मी बी तेच समजले व्हते."

"काय?"

"ती बाई म्हनली ना, वास येतोय म्हनून. मला वाटलं, हितं बी कळलं वाटतं आमी कोन ते. हसून न्हाई म्हनले तिला. ती गेल्यावर शटर वडलं आन दोनदा फिनेल टाकून फरशी घासली. माजं लुगडं बी बदललं." ती पट्टीतल्या हाताकडे बघत होती. "त्याच फरशीवर गॅसची टाकी व्हती. मी तिच्याभवतीनंच घासत व्हते."

बाहेरून एक पाण्याचा टँकर गेला, खोलीची भिंत हादरली. मग ती म्हणाली, "पट्टी नीट बांध. सैल झाली."

मी तिला आणि आप्पांना गावी जाऊन राहा म्हटलं, घर आहे, भाताचं खाचर आहे. आई म्हणाली, "तितं काय करू? कुनी खानार हाय का माज्या हातचं?" जर्मनीला चल म्हटलं तर हसली. सहा महिन्यांनी गाळा पुन्हा उघडला. कढईवर आता एक नेपाळी बाई असते, आई गल्ल्यावर बसते. शेगडीजवळ गॅस सुटला की वाजणारं यंत्र बसवलंय. तरी शटर वर करताच पहिलं जे गिऱ्हाईक येईल त्याला ती विचारते, "जरा बघा हो, कसला वास येतोय का?" लोकांना आधी विचित्र वाटायचं. आता काही जण आपण होऊनच आत डोकावून, नाक वर करून सांगतात. ज्यांना हे पटत नाही ते लिहितात : 'इथे गिऱ्हाइकाला कामाला लावतात.' तेही मी तिला वाचून दाखवते.

सगळं नीट झालं असं नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. उन्हात गाल चरचरतो. आप्पा नळीला रोज हात लावून बघतात, दिवसातून दहा वेळा, आणि कामावर असताना अचानक आईला फोन करून गॅसचं विचारतात. मी इथे आश्रमात कुणी म्हातारं माणूस जेवणावर कुरकुरलं की दचकते. त्या जिन्यातल्या कागदाचा मला अजून राग येतो, आणि तो राग चुकीचा होता असंही मला वाटत नाही. मैत्रिणीच्या आईनं जे म्हटलं ते खरंच म्हटलं होतं. ते आईनं आणि मी इतकं जपून ठेवलं होतं की दुसरं काही ऐकूच आलं नाही.

पूर्वी मला कुणी विचारलं, घर कुठे, तर मी रिहे म्हणायचे, मग भूगाव म्हणायचे, आणि इथे आल्यावर नुसतं इंडिया. आता विचारलं की मला आमचा फोन आठवतो. इतकी वर्षं आम्ही दोघी त्यावर एकमेकींना फक्त बरं ते सांगत होतो. ती म्हणायची समदं झ्याक हाय, मी म्हणायचे माझंही छान चाललंय. तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुमचंही बहुतेक तसंच चालत असेल.

परवा फोन उचलल्याबरोबर ती म्हणाली, "आज लई दुखतंय." मी विचारलं, कुठे. ती सांगत राहिली, कोपरापासून बोटांपर्यंत, कुठे ओढतं, कुठे बधिर वाटतं. मी मध्ये काही बोलले नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता तुजं सांग."

मग मीही सांगितलं.