बाहेरचं बटण

राहात्यात आमच्याकडे पाण्याचा जार आणणाऱ्या माणसाचा मी फिल्मच्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढला, तिथंच माझं चुकलं. रोज जार उतरवला, की कंगवा काढून केस विंचरत तो विचारायचा, "माझा फोटू धुतला का न्हाई?" रोल संपू दे, हे मी त्याला महिनाभर सांगत होतो.

अखेर रोल संपला. जरासाही उजेड चालत नाही, म्हणून मी काळोख्या बाथरूममध्ये फिल्म धुवायच्या डब्यात भरत होतो. तेवढ्यात तो आला आणि त्यानं बाहेरचं बटण दाबलं. "लाईट हाय की! आंधारात काय करताय?"

छत्तीसच्या छत्तीस फोटो गेले. मी ओरडायला दार उघडलं, तर हा केस विंचरत उभा.

"फोटूच धुताय व्हय? माझा जरा नीट धुवा."