पांढऱ्या नोटेची पाठ

नाण्या-नोटांच्या प्रदर्शनात इंग्लंडची एक जुनी पाच पौंडांची नोट मांडली होती. रुमालाएवढी, पांढरी, एकाच बाजूने छापलेली. माझ्याबरोबर शेजारची सुलूमावशी होती. ती स्टॉलवाल्याला म्हणाली, “जरा उलटी करून दाखवता?”

कोऱ्या पाठीवर शाईने तीन-चार नावं लिहिलेली होती, प्रत्येकाचं वळण निराळं.

“तिथले दुकानदार नोट घेताना मागे नाव लिहायला लावायचे, खोटी निघाली तर देणारा सापडावा म्हणून,” मावशी म्हणाली. तिचे वडील बोटीवर खलाशी होते. लिव्हरपूलला त्यांनी बायकोसाठी शाल घेतली आणि अशीच नोट पुढे केली. दुकानदाराने त्यांच्या हातात टाक दिला. वडिलांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं. त्यांनी सावकाश, मराठीत, गावासकट पूर्ण नाव लिहिलं. दुकानदाराने ती अक्षरं निरखून पाहिली, मान डोलावली आणि शाल बांधून दिली.

नोटेवर बँकेचं वचन छापलेलं असतं खरं, पण ती या हातातून त्या हातात जाते ती माणसांच्या भरवशावर.

“घरी आल्यावर बाबांनी शालीचं कौतुक केलंच नाही,” मावशी हसून म्हणाली. “आईला एवढंच म्हणाले, अगं, माझी सही तिकडे चालते!”