तीस पाउंडांचा हट्ट

मंडळी, आज मी एका हाताने चहा प्यायलो. गेले काही दिवस भीतीने कप दोन्ही हातांनी धरत होतो.

निवृत्तीनंतर मालवणात धनुर्विद्या शिकायला लागलो. ओढायला तीस पाउंड जोर लागणारं धनुष्य हट्टाने घेतलं. बाकीचे तेच वापरतात, मग मी कमी का? पण दोरी गालापर्यंत ओढली की हात लटलटायचा. मला कंपवात झालाय, असं मी मनोमन ठरवूनच टाकलं. घरात बोललो नाही.

आज शिकवणाऱ्या रेश्माला शेवटी सांगितलं. ती हसलीच. "काकानू, तुमी म्हातारे झालास म्हणान नाय, धनुष्य जड आसा म्हणान हात थरथरता."

तिने धनुष्याची पाती, म्हणजे मुठीच्या वरखाली वाकणाऱ्या पट्ट्या, बदलून अठरा पाउंडांची लावली. मी दोरी ओढली, धरून ठेवली. हात जागचा हलला नाही. अहो, डोळ्यांत पाणीच आलं!

आणि बाबा आठवले. साठच्या दशकात ते दशावतारात अर्जुन व्हायचे. एकदा पडवीत मी त्यांचं वेताचं धनुष्य ओढून पाहिलं, तर अगदीच मऊ. माझा हिरमोड झाला. बाबा म्हणाले, "अरे, गाणा संपापर्यंत ताणून धरूचा लागता. जड घेतलंय तर अर्जुन थंयच रडतलो!"

त्यांचा अर्जुन कधी रडला नाही. मी मात्र आज हलकं धनुष्य हातात घेऊन रडलो.

हलकं मागायची लाज वाटते म्हणून जडच ओढत बसलेले इथे आणखी कोण आहेत? हात वर करा. थरथरला तरी चालेल.